सळई

बाबा महालात व्हॉल्वमन होते, एकोणतीस वर्षं.
टी आकाराची चावी सायकलच्या दांडीला बांधून
पहाटे चारला निघायचे,
आणि पाचला चिटणीसपुऱ्यातल्या बाया
रिकामे गुंड मांडून
नळाच्या खाकरण्याची वाट बघत बसायच्या.

चावीसोबत एक सळई असे. लोखंडी, माझ्या उंचीची.
रस्ता निजला की तिचं एक टोक जमिनीला, दुसरं कानाला.
"इथं फुटली हाय," म्हणायचे.
खणलं की तिथंच ओल.
एकदा मलाही ऐकवलं. मी सात वर्षांची.
मला काहीच ऐकू आलं नाही.
मी हो म्हटलं.

आता दिवसाला सातशे मिली.
त्यात चहा, त्यात गोळ्यांचं पाणी, त्यात वरणसुद्धा.
मे महिना. कूलरच्या खसवरून रात्रंदिवस पाणी झरतं
आणि अर्ध्या महालाला पाणी सोडणारा माणूस
बर्फाचा एक खडा जिभेखाली धरून
तिकडे बघत पडतो.
बटाटा दोनदा उकळून. संत्री बंद.
नागपुरात राहून संत्री बंद,
हे सांगताना डायटिशियन स्वतःच ओशाळली.

सोमवारी मशीन बिघडलं, पाळी हुकली.
मंगळवारी श्वासाला वास, जुन्या मुतारीचा.
बुधवारी चमच्याचं नाव सापडेना:
"ते… ते ढवळाचं."
मला जमनाबाई म्हणाले. ती त्यांची आत्या,
माझ्या जन्माआधीच गेलेली.
रात्री तीनला दार सताड उघडं.
गल्लीत, बनियनवर, वाकलेले,
मुठीवर मूठ ठेवून हवेत काहीतरी फिरवत होते.
"कोतवालीची लाइन सोडाची हाय.
काहून अडवून राहिली मले?"
हात धरून पुढे केले तर पंजे आपोआप गळत, उचलत, गळत,
वाऱ्यात वाळत घातलेले मोजेच जणू.

तुम्ही रिटायर झालात, असं मी म्हटलं नाही.
किती आटे, एवढंच विचारलं.
"चौदा. पण हळू.
झटक्यानं फिरवलं का लाइनीले धक्का बसते."
मी त्यांच्यासोबत चौदा मोजले.
मग ऑटो. धंतोली.

डॉक्टर उमाठ्यांनी हाताचा एक्स-रे उजेडाला लावला.
हाडांच्या मधून दोन पांढऱ्या रेघा,
जिथं काही दिसायलाच नको.
"या धमन्या. चुना बसलाय आतून.
चांगली धमनी रबरासारखी, ठोका पोटात घेते.
ही घेत नाही. प्रत्येक ठोका जसाच्या तसा
वर मेंदूत जातो, केसाएवढ्या नळ्यांवर आदळतो."
एमआरआयवर ठिपके होते,
पोपडे निघालेल्या भिंतीसारखे.
"परवा रात्रीचं ते विष होतं. धुऊन निघालं.
हे निघायचं नाही."

बाबा तोवर शुद्धीवर, चार तासांचं धुणं आटोपून.
फिल्म मागून घेतली. बराच वेळ न्याहाळली.
मला वाटलं, आता विचारतील, किती दिवस.
"बीडाची लाइन हाय ही," म्हणाले.
"बदलून टाका ना. प्लास्टिकची टाका."
डॉक्टर हसले.
बाबा हसले नाहीत. त्यांनी खरंच विचारलं होतं.

सळई आहे अजून. परसात कारल्याचा वेल चढलाय तिच्यावर.
मी तशीच, नुसता कान
त्यांच्या डाव्या हातावर ठेवते, जिथं शीर आणि धमनी जोडलीय.
नर्सनं बजावलंय: घरघर यायला हवी,
थांबली तर लगेच फोन.
येते.
खाली खोल कुणी
दम न खाता बोलत असल्यासारखी, रात्रभर.

"येते का आयकू?" डोळे मिटूनच विचारतात.
हो, बाबा.
"खोटं नको बोलू.
तवाही आलं नोतं तुले."